अडॅप्टरवाला यूएसबी हब : एक उन्हाळा, एक पावसाळा वापरून

होळीच्या सुमारास नागपूरच्या बर्डीवरून चार पोर्टचा यूएसबी ३.० हब (एका पोर्टाचे चार करणारा डबा) आणला, वेगळा अडॅप्टर असलेला, म्हणजे डिस्कना करंट कॉम्प्युटरऐवजी भिंतीच्या बोर्डातून देणारा. काम लग्नाच्या फोटोंचं, त्यामुळे सीझनमध्ये दोन पोर्टेबल डिस्क कायम जोडलेल्या. दुसरी लावली की पहिली गायब व्हायची, म्हणून हा खर्च.

लक्षण असं: आधी घरघर, मग टक्, पुन्हा घरघर, पुन्हा टक् आणि सगळं शांत. विंडोजचा टिंगटाँग मात्र सुरूच. एका दुकानात तर न उघडताच ‘डिस्क गेली, डेटा काढायचे पैसे लागतील’ असं सांगितलं. तीच डिस्क शेजारच्या काकांच्या लॅपटॉपवर गुमान चालली ना बाप्पा!

भानगड करंटची होती. यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. अडीच इंची डिस्क सगळ्यात जास्त करंट ओढते ती चकती फिरायला लागताना. नेमकं तेव्हाच व्होल्टेज पडलं की डिस्क दम सोडते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टवर, त्यात लांब एक्स्टेन्शन केबल असेल तर हे हमखास होतं. एकच डिस्क असेल तर हब घेऊच नका. मागच्या निळ्या, म्हणजे ३.० च्या पोर्टात आखूड केबलने लावून बघा, बहुतेकांचं काम तिथेच भागेल.

हब घेताना पोर्ट मोजण्याआधी अडॅप्टरवरचे आकडे वाचा. चार पोर्टना प्रत्येकी ९०० मिलिअँपिअर म्हणजे १८ वॉट. माझ्या हबचा अडॅप्टर १२ व्होल्ट, २ अँपिअरचा, म्हणजे २४ वॉट, ठीक. शेजारी ठेवलेला स्वस्त हब ५ व्होल्ट, २ अँपिअरचा होता. दहा वॉटात चार डिस्क कशा चालणार?

पावसाळ्यात एक गोष्ट कळली, ती खोक्यावर कुठे लिहिलेली नसते. लाइट गेली की कॉम्प्युटर यूपीएसवर चालू राहतो, पण हबचा अडॅप्टर भिंतीच्या बोर्डात असेल तर कॉपी चालू असतानाच दोन्ही डिस्क एकदम बंद पडतात. अडॅप्टरही यूपीएसवरच हवा, आणि तोही बॅटरी बॅकअपच्या सॉकेटमध्ये.

तक्रारी आहेतच. कॉम्प्युटर बंद केला तरी कीबोर्डचा दिवा जळत राहतो, कारण हब उलटा करंट मागे कॉम्प्युटरमध्ये सोडतो. यूएसबी ३.० चा रेडिओ लहरींतला गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो, म्हणून त्याच लहरींवर चालणारा वायरलेस माउस अडखळायचा. त्याचा रिसीव्हर दुसऱ्या बाजूला लावल्यावर थांबला. आणि मे महिन्यात काय सांगावं! पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात बहुधा ३५ अंशांपर्यंतच हमी असते, आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. दुपारी मोठी कॉपी मी टाळतो, डिस्क एकावर एक ठेवत नाही.

डिस्क रिकामी बसली की विंडोज झोपवतं, तेव्हा पॉवर ऑप्शनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करून टाका. कॉपीचा वेग सेकंदाला ४० एमबीच्या आसपास अडकला तर प्लग काढून एका झटक्यात पूर्ण आत घाला. हळू सरकवला तर जोडणी कधीकधी २.० वरच बसते.

साडेतीन इंची मोठ्या डिस्कला मात्र या हबचा उपयोग नाही. तिला १२ व्होल्टचा स्वतःचा अडॅप्टर लागतो. तो हरवला असेल तर घरातला लॅपटॉपचा १९ व्होल्टवाला पिन बसते म्हणून खुपसू नका.