इंदूरच्या देवास नाक्याजवळचं, गाड्यांचे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याचं दुकान : बसायला खुर्ची नाही पण बिघाडाचं निदान पक्कं

गाडी माझी २०१३ची, डिझेल, फोर बाय फोर, एक लाख साठ हजार किलोमीटर झालेले. जूनपासून तिची नाटकं चालू होती. सकाळी थंड असताना एका सेल्फमध्ये चालू, पण गरम झाल्यावर बंद केली की संपलं. सिमरोलला चहाला थांबलो की तीन तीनदा लांब सेल्फ मारायचा, मग कुठे कुरकुरत चालू होणार. आईला ओंकारेश्वरला नेत होतो तेव्हा तर भेरूघाटात चढावरच चेक इंजिनचा दिवा लागला, अ‍ॅक्सिलरेटर दाबून काही फरक नाही, मागून ट्रकवाले हॉर्न मारतायत आणि आई मागच्या सीटवरून म्हणतेय, अरे थांब जरा, तिलापण दम खाऊ दे.

आधी ज्या गॅरेजला दाखवली त्याचं नाव घेत नाही. स्कॅनर लावला, पी ००८७ कोड आला, लगेच म्हणाला डिझेलचा हाय प्रेशर पंप आणि इंजिनात डिझेल फवारणारे चारही इंजेक्टर बदला, लाखाच्या आसपास. आता हा कोड एवढंच सांगतो की रेलमध्ये, म्हणजे पंपातून इंजेक्टरांकडे जाणाऱ्या डिझेलच्या जाड पाइपात, प्रेशर कमी आहे. का कमी आहे ते तो सांगत नाही. फिल्टर चोक झाला तरी हाच कोड, लाइनमध्ये हवा शिरली तरी हाच, इंजेक्टरचं रिटर्न, म्हणजे टाकीकडे परत जाणारं डिझेल, वाढलं तरी हाच. मी फिल्टर स्वतःच बदलला, काही उपयोग झाला नाही.

मग राजेंद्र नगरच्या भाऊजींनी या उस्तादांकडे पाठवलं. दुकानाच्या पाटीवर अजून ‘मायको पंप रिपेरिंग’ लिहिलंय, कंपनीचं नाव २००८ सालीच बॉश झालं पण इथे अजून सगळे मायकोच म्हणतात. उस्तादांनी आधी विचारलं, थंड असताना त्रास का गरम असताना? मी म्हटलं गरम. म्हणाले मग पंपाचा संशय आहे, गरम डिझेल पातळ होतं आणि आतून घासलेल्या पंपातून निसटतं, रात्रभर उभी राहून सकाळी त्रास देत असती तर आधी हवा शोधली असती. पण लगेच पुढे म्हणाले, "भिया, पहले टंकी-फिल्टर को बरी कर दें, फिर पंप को पकड़ेंगे." म्हणजे आधी टाकी-फिल्टर निर्दोष ठरवू, मग पंपाला धरू.

आणि खरंच तसंच केलं. पंपाला येणाऱ्या लाइनमध्ये पारदर्शक नळी घातली, बुडबुडा एकही नाही. मग टाकी आणि फिल्टर दोन्ही बायपास करून बॉनेटच्या हुकाला डिझेलचा कॅन लटकवला आणि त्याच्यावर गाडी चालवली, तरी गरम झाल्यावर सेल्फला प्रेशर १२० बार, आणि या गाडीत दोनशेच्या वर गेल्याशिवाय ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजेक्टर उघडतच नाही. मग चार इंजेक्टरच्या रिटर्नला चार बाटल्या लावल्या. मी वाकून वाकून बघतोय, चारीत डिझेल थोडंसंच आणि जवळजवळ सारखं, म्हणजे ज्या इंजेक्टरांचे मला हजारो रुपये सांगितले होते ते धडधाकट. रेलच्या सेफ्टी व्हॉल्व्हचा रिटर्न काढून बघितला, कोरडा, म्हणजे तिथूनही प्रेशर निसटत नव्हतं. आता राहिला पंपच.

यानंतर जे केलं त्यासाठी मी पाच स्टार देतोय. पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा मीटरिंग व्हॉल्व्ह काढला, त्याची जाळी पांढऱ्या फडक्यावर झटकली आणि टॉर्च मारून मला दाखवली. लोखंडाची चमकी दिसली असती तर तो चुरा रेल, पाइप, इंजेक्टर सगळीकडे गेला असता आणि नुसता पंप बदलून नवा पंपसुद्धा वाया गेला असता. फडकं स्वच्छ होतं. मी तिथेच सुटकेचा श्वास सोडला.

जुना पंप खोलून दुरुस्त करायचा, म्हणजे ओव्हरहॉल, एकोणीस हजार आणि नवा चौतीस हजार, दोन्ही भाव तोंडावर सांगितले, मी नवा घेतला. बसवताना पंपात आधी स्वच्छ डिझेल भरलं, हाताने डिझेल चढवायचा हँड प्रायमर कडक होईपर्यंत दाबला, कोरडा फिरवला तर पहिल्याच सेल्फला पंप घासतो म्हणे. एक पोरगा जुन्या सवयीने हवा काढायला रेलचा नट ढिला करून सेल्फ मारायला निघाला, त्याला उस्तादांनी असं झापलं की शेजारचा पंक्चरवालापण बघायला आला. ते बरोबरच होतं, या प्रेशरची डिझेलची धार कातडी फोडून आत घुसते.

आता तक्रारी. सकाळी दहाला बोलावलं आणि हात लावला दीड वाजता. खुर्ची एकच, तिच्यावर इंजेक्टरचा ट्रे. पक्कं बिल दोनदा मागावं लागलं. फोन उचलत नाहीत, रविवारी बंद.

परवा परत भेरूघाटात गेलो होतो, मुद्दाम सिमरोलला थांबलो, गाडी तापलेली असताना बंद केली, चहा अर्धा टाकून पळत येऊन चावी फिरवली. एका सेल्फमध्ये. जुना पंप पोत्यात बांधून दिलाय, तो गॅलरीत पडलाय, बायको रोज विचारते हे भंगारात कधी देणार.