शिक्का ‘कंपनी’चा, पिस्तूल कालपरवाचे

“वस्तू सरदार घराण्यातली आहे, नाइलाजाने काढतोय.” विकणाऱ्याचे हे वाक्य आले की मागोमाग चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या पिस्तुलाचे फोटो येतात. पाचपैकी चार फोटो लॉकप्लेटचेच, म्हणजे घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसतो तिचे. तिच्यावर ठळक ‘ई. आय. सी.’, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी, आणि खाली १७९९. साल बेताने निवडलेले असते. १७९९ म्हटले की श्रीरंगपट्टण आणि टिपू आठवतो, आणि आकडा लाखात गेला तरी गिऱ्हाईक बिचकत नाही. “मुंबईची पार्टी उद्या येतेय” असे सांगून इसार घेतला जातो.

घेणारा चुकतो तो इथेच. तो शिक्का वाचतो, पण तपासत नाही.

ईस्ट इंडिया कंपनीचा त्या काळचा शिक्का म्हणजे नुसती तीन अक्षरे नव्हेत. तिरक्या फुलीने चार भाग केलेले बदाम, त्या भागांत व्ही, ई, आय, सी ही अक्षरे आणि वर इंग्रजी चारसारखी खूण. यातला व्ही म्हणजे जुन्या वळणाचा यू, ‘युनायटेड’चा. १८०८ पासून बदाम जाऊन मागच्या पायांवर उभा, पुढच्या पंजांत मुकुट धरलेला सिंह आला. म्हणजे सिंह आणि १७९९ एकाच पट्टीवर दिसले तर पुढे बोलायचे कारण नाही. बदामाच्या काळातल्या पट्टीवर साधारणपणे बनवणाऱ्याचे नावही असते. ब्रिटिश सरकारी बंदुकांचे वेगळे. त्यांच्या चकमकीच्या लॉकवर १७६४ नंतर साल घालणे बंद झाले, त्यामुळे मुकुट, ‘जी. आर.’ (राजा जॉर्ज), ‘टॉवर’ (लंडनचा किल्ला, सरकारी शस्त्रागार) आणि १७९० अशी जोडी हमखास शंकेची. गारगोटीऐवजी स्फोटक टोपीने उडणाऱ्या नंतरच्या बंदुकांवर मात्र ‘टॉवर’सोबत साल असते, ते खोटे धरू नये.

नळीवरची प्रूफची, म्हणजे बार उडवून नळीची चाचणी घेतल्याची खूणही सालाशी ताडून बघा. बर्मिंगहॅमचे प्रूफ हाऊस १८१३ चे. फुलीसारखे राजदंड, मुकुट आणि बी. पी. सी. अशी खूण त्याआधीच्या मालावर असेल तर ती नंतरच्या चाचणीची, नाहीतर बनावट. ‘नायट्रो’ म्हणजे बिनधुराची दारू. रायफलीत चालणारी अशी दारू १८८४ पर्यंत नव्हतीच. तरी ‘नायट्रो प्रूफ’ छापलेली ‘सत्तावनच्या बंडातली’ बंदूक विकायला येते! सरहद्दीवरच्या, आता पाकिस्तानात असलेल्या दर्रा आदमखेलकडच्या नकलांत इंग्रजी एन उलटा असतो, स्पेलिंग चुकलेले असते, आणि राणी व्हिक्टोरियाच्या ‘व्ही. आर.’खाली १९०७ असते. राणी १९०१ मध्येच वारली. अशा नकलांनाही शौकीन आहेत, पण त्या अस्सल एनफिल्डच्या, म्हणजे ब्रिटिश सरकारी कारखान्यातल्या रायफलीच्या भावाने घ्यायच्या नसतात.

आता भिंग घ्या, दहापट मोठे दाखवणारे, आणि टॉर्चचा उजेड आडवा टाका. ठोकलेला शिक्का धातू बाजूला ढकलतो, त्यामुळे खळग्याच्या कडेला बारीक उंचवटा राहतो. ओतीव पट्टीवर अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल असतात आणि खळग्यात बारीक छिद्रे दिसतात. ॲसिडने कोरलेल्या अक्षराचा तळ सपाट आणि खरबरीत. शिवाय जुन्या पट्टीवरच्या खळग्याचा रंग आजूबाजूच्या धातूसारखाच काळसर-तपकिरी हवा. पट्टी जुनी आणि अक्षरांचा तळ चकचकीत, म्हणजे शिक्का नवा. हा प्रकार सगळ्यात महागात पडतो, कारण बाकीची बंदूक खरी असते.

यापुढचे काम लॉक बाहेर काढल्याशिवाय होत नाही. विकणारा “हात लावू नका, नाजूक आहे” म्हणाला तर इसार देऊ नका. जुन्या लॉकचे भाग हाताने कानस मारून बसवलेले असतात, घोडा अर्ध्यावर ठाम थांबतो, आणि स्क्रू बहुधा आपल्याच भोकात नीट बसतो. नकलेत फुलीच्या खाचेचे स्क्रू, लुळी कमान, आणि गारगोटी आपटते ती झडप मऊ लोखंडाची, म्हणून ठिणगीच पडत नाही. नळीच्या बुडाशी आटे पाडलेली डाट असायला हवी. तिथे वेल्डिंग दिसले तर ती पाण्याच्या पाइपाची बहीण. गंज एकसारखा नारिंगी असेल आणि तेलाच्या बोटाने निघत असेल तर तो मिठाचा किंवा ॲसिडचा.

हे सगळे करण्याआधी एक गोष्ट. ठासणीच्या बंदुकीत जुना बार तसाच राहिलेला सापडतो. नळीत लाकडी काठी बुडापर्यंत घाला, तोंडाशी खूण करा, मग तीच काठी बाहेरून धरा. टोक रंजकाच्या, म्हणजे बार पेटवणारी ठिणगी आत जाते त्या भोकापर्यंत पोचले पाहिजे. ते दोन-तीन बोटे अलीकडेच थांबले तर आत काहीतरी आहे. नळीच्या तोंडासमोर उभे राहू नका आणि जाणकाराला बोलवा.

राहिले लायसन. “अँटिक आहे, लायसन लागत नाही” आणि “चालू कंडिशन आहे” ही दोन वाक्ये एकाच तोंडून येतात. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मधली सूट जुन्या धाटणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या शस्त्राला आहे खरी, पण ते दुरुस्त करूनही उडता कामा नये. चालू म्हणून जास्त पैसे मोजले असतील, तर ती सूट सांगता येत नाही. मुलाकडे अमेरिकेला पाठवायचा बेत असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो. शंभर वर्षांवरची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पावतीवर साल, बनवणाऱ्याचे नाव आणि ‘अस्सल’ हा शब्द लिहून मागा. बहुतेक वेळा तिथेच पिस्तूल परत पिशवीत जाते.