गॅसच्या भट्टीतलं सिरॅमिक ब्लँकेट: आठ महिने वापरल्यावर

आमच्या आप्पांनी आयुष्यभर दगडी कोळशावर कोयते घडवले. भाता आम्ही भावंडं ओढायचो. आता ओढायला घरात कोणी नाही आणि चांगला कोळसाही वेळेवर मिळत नाही, म्हणून मी घरीच गॅसची भट्टी केली. बाहेरून दहा इंची लोखंडी पाइपचा फूटभर तुकडा, वरून तिरका बसवलेला पाऊण इंची पाइपचा बर्नर आणि जेट म्हणून, म्हणजे गॅसची बारीक धार सोडायला, मिग वेल्डिंगची ०.८ मिमीची टिप. हे सगळं भंगारात आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळालं. पण भट्टीचा जीव आतल्या सिरॅमिक फायबर ब्लँकेटमध्ये, म्हणजे उष्णता आत कोंडून ठेवणाऱ्या तंतूंच्या गादीत आहे, म्हणून त्याच्याबद्दलच सविस्तर लिहितो.

मी घेतलं ते १२६० अंश सेल्सिअसच्या दर्जाचं, २५ मिमी जाडीचं, १२८ घनतेचं (म्हणजे घनमीटरला १२८ किलो). रोल ७.३२ मीटर लांब आणि ६१ सेंटिमीटर रुंद असतो. पहिला रोल हातात घेतला तेव्हाच हलका वाटला. शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला तर पावणेअकरा किलो भरला. हिशेब केला: १२८ घनतेचा पूर्ण रोल सव्वाचौदा किलोच्या आसपास भरायला हवा. वेष्टनावर १२८ छापलेलं होतं, आत माल ९६ चा. विक्रेत्याने बदलून दिला, पण त्यात तीन आठवडे गेले. तुम्ही घेणार असाल तर दुकानातच वजन करून घ्या.

दोन थर गुंडाळून बसवले. कात्रीने सहज कापलं जातं, पण फुल बाही, हातमोजे आणि एन-९५ मास्क असल्याशिवाय हात लावू नका. तंतू अंगाला खाजतात हा त्रास लहान. खरी भीती फुप्फुसांची. शिवाय हजार-अकराशे अंशांवर बराच काळ तापलं की या तंतूंमध्ये स्फटिकरूप सिलिका तयार व्हायला लागते आणि ती धूळ आणखी वाईट. म्हणून ब्लँकेट उघडं ठेवून भट्टी पेटवणं मला अजिबात पटत नाही. मी आधी कोलॉइडल सिलिका (तंतू घट्ट धरणारं, सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांचं पाणी) फवारून वाळवली, मग वर हाय ॲल्युमिना कास्टेबलचा (आच सोसणाऱ्या काँक्रीटसारख्या मिश्रणाचा) बोटभर जाडीचा लेप दिला. तो सावलीत आठवडाभर वाळू दिला आणि मगच मंद आचेवर तापवला.

एक चूक झाली. तळाला वीट न घालता मी टाकणखार टाकून सांधा जोडायला घेतला. लेपाला बारीक चीर होती, तिथून वितळलेला टाकणखार आत उतरला आणि ब्लँकेटला सुपारीएवढं भोक पडलं. टाकणखार हे तंतू विरघळवून टाकतो. आता तळाला हाय ॲल्युमिनाची वीट आहे, आणि ती सुरुवातीपासूनच असायला हवी होती.

काम मात्र सुरेख होतं. दहा मिनिटांत भट्टी आतून नारिंगी होते आणि ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा टोकापासून टोकापर्यंत सारखा तापतो. कोळशात पाती मध्येच जास्त तापून ठिणग्या उडायच्या, तसं इथे होत नाही. पाणी पाजताना, म्हणजे पातं कडक करताना, तर हा सारखेपणा फारच उपयोगी पडतो. लोहचुंबक चिकटायचं थांबलं की अजून थोडं तापवून मी पाती तेलात बुडवतो. या पावसाळ्यानंतर केलेल्या एकाही कोयत्याला अजून पीळ पडलेला नाही.

गॅसचंही सांगायला हवं. घरच्या शेगडीच्या रेग्युलेटरचा दाब इथे पुरत नाही. हाय प्रेशरचा रेग्युलेटर आणि १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर लागतो. आपल्याकडच्या एलपीजीत ब्यूटेनही असतो आणि तो शून्य अंशाच्या जवळपासच उकळतो, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी सिलिंडरवर दव धरतं आणि दाब उतरतो. तेव्हा थांबायचं, सिलिंडर तापवायचा नाही. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. माझी भट्टी चारी बाजूंनी उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे.

पाचपैकी साडेचार गुण. अर्धा कापला तो बर्नरच्या तोंडासमोरच्या जागेमुळे: तिथला लेप दोनदा सुटला आणि आतलं ब्लँकेट आखडलं. तेवढ्या भागापुरता १४२५ अंशांच्या ब्लँकेटचा तुकडा मागवलाय. उरलेल्या रोलातून आप्पांनी दीड मीटर बाजूला काढून ठेवायला सांगितलंय, त्यांना विळ्यांसाठी स्वतःची लहान भट्टी हवी आहे.