डीएमएक्सच्या पहिल्या अल्बमची डबल रेकॉर्ड घेतली, कशी आहे ते सांगते

खूप दिवस घ्यायची घ्यायची चाललं होतं, गेल्या महिन्यात शेवटी घेतलीच. ‘इट्स डार्क अँड हेल इज हॉट’, अमेरिकन रॅपर डीएमएक्सचा 1998 चा पहिला अल्बम. इम्पोर्टेड असल्यामुळे चार हजारांच्या वर गेली, आणि एवढे पैसे घालवून पहिली जी आली ती वाकलेली, प्लेअरवर ठेवली की सुई नुसती वरखाली वरखाली, कव्हरचा कोपरा पण चेपलेला. ज्या ऑनलाइन दुकानातून मागवली त्यांना व्हिडिओ पाठवला तर आठ दिवस उत्तर नाही, तीनदा फोन केल्यावर बदलून दिली. दुसरी मात्र एकदम सरळ आली. पुढचं सगळं त्या दुसऱ्या कॉपीबद्दल.

दोन तबकड्या, चार बाजू, मधले नुसत्या बोलण्याचे तुकडे धरून 19 ट्रॅक, सगळं मिळून तासाभरापेक्षा थोडं जास्त. आवाज भरीव आहे, बेस घुमत नाही, आणि त्याचा तो घोगरा आवाज फोनवर ऐकताना सपाट वाटतो तो इथे छातीतून आल्यासारखा येतो, मध्येच श्वास घेतलेला ऐकू येतो. लहानपणी त्याला दम्याचा खूप त्रास होता हे माहीत असलं की तो श्वास वेगळाच ऐकू येतो. त्याच्या रफ रायडर्स या रेकॉर्ड कंपनीच्या नावाचं जे गाणं सगळ्यांना पाठ आहे त्याचा बीट संगीतकार स्विझ बीट्झने केला तेव्हा तो विशीचाही नव्हता आणि डीएमएक्सला तो बीट आधी आवडलाच नव्हता, आता मोठ्या स्पीकरवर लावलं की भिंतीवरची फ्रेम हलते.

आता माणसाबद्दल, कारण त्याच्याशिवाय या रेकॉर्डचं काही सांगता येत नाही. खरं नाव अर्ल सिमन्स, न्यूयॉर्कजवळच्या यॉन्कर्समध्ये वाढला. घरी मार, मग मुलांच्या वसतिगृहात रवानगी, डीएमएक्स हे नावसुद्धा तिथल्या ड्रम मशीनवरून घेतलेलं. 14 वर्षांचा असताना ज्याला तो गुरू मानायचा त्याच माणसाने त्याला गांजाच्या सिगरेटमध्ये क्रॅक, म्हणजे ओढायचं कोकेन, घालून दिलं, पोराला माहीतही नव्हतं आपण काय ओढतोय. हे त्याने स्वतः मोठेपणी एका मुलाखतीत सांगितलं, सांगताना रडला. ते व्यसन मग आयुष्यभर सुटलं नाही.

डेफ जॅम या रेकॉर्ड कंपनीचे लोक त्याला ऐकायला यॉन्कर्सला आले तेव्हा कोणाच्या तरी मारामुळे त्याचा जबडा तारेने बांधलेला होता, तरी तो तसाच दात आवळून रॅप करत राहिला आणि करार मिळाला. ही रेकॉर्ड आली तेव्हा तो 27 वर्षांचा. पहिल्या आठवड्यातच अमेरिकेत एक नंबर, डिसेंबरात दुसरा अल्बम तोही एक नंबर, असे पहिले पाचही अल्बम थेट एक नंबरला उतरले, तोपर्यंत असं कोणाचं झालं नव्हतं. आणि बाजूने अटका, जेल, दिवाळं. 2018 ला टॅक्स चुकवल्याबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली, सतरा लाख डॉलरचं प्रकरण, तेव्हा वकिलाने भर कोर्टात न्यायाधीशासमोर त्याचंच एक गाणं लावलं, घसरत जाऊन पुन्हा उठायची धडपड करणाऱ्या माणसाचं. मला ते दृश्य डोळ्यासमोरून जात नाही.

कुत्र्यांचं पण बोलायलाच हवं कारण या रेकॉर्डवर तो सारखा भुंकतो, गुरगुरतो. लहानपणी घरातून पळून रस्त्यावर झोपायचा तेव्हा भटकी कुत्रीच सोबतीला, पुढे पाठीवर आपल्या बूमर नावाच्या पिटबुलचा टॅटू. आणि याच माणसाच्या अॅरिझोनातल्या घरावर 2007 ला धाड पडली तर उपासमारीने हडकलेली पिटबुल सापडली, काही मेलेली पुरून टाकलेली, त्याने पुढे गुन्हाही कबूल केला. मी घरी दोन भटकी सांभाळते, मला हे पचत नाही, आणि तो आजारी होता व्यसनी होता हे धरूनही पचत नाही. तरी रेकॉर्डवर तो भुंकतो तेव्हा ते खोटं वाटत नाही, दोन्ही एकाच माणसाचं आहे.

शिव्या भरपूर आहेत, लहान मुलं घरात असताना लावू नका. बायकांबद्दल काही ठिकाणी अगदी घाण बोललंय, एका गाण्यात तर समोरच्याच्या लेकीवर बलात्काराची धमकी आहे, तिथे मी सुई उचलून पुढे ठेवते, दर वेळी.

मग ही चार हजारांची रेकॉर्ड कशासाठी घ्यायची तर चौथ्या बाजूसाठी. एवढा वेळ सैतानाशी बोलणं, पिस्तुलं, धमक्या, सगळं झाल्यावर बीट बंद होतो आणि तो एकटा प्रार्थना करतो, आवाज हळूहळू चढत जातो, आणि लगेच पुढच्या गाण्यात देवाशी समोरासमोर वाद घालतो. आपल्याला देवाशी भांडण नवीन नाही, जनाबाईने विठोबाला काय काय सुनावलंय, त्यामुळे मला तो सूर लगेच ओळखीचा वाटला, आपल्या हक्काच्या माणसाशी बोलल्यासारखा. फोनवर हा तुकडा मी कायम पुढे ढकलायचे, गाणं नाही म्हणून. रेकॉर्डला हात लावायचा कंटाळा येतो म्हणून पहिल्यांदा पूर्ण ऐकला आणि मग तशीच बसून राहावंसं वाटलं. 9 एप्रिल 2021 ला तो गेला, 50 वर्षांचा, 15 मुलांचा बाप, कोकेनमुळे हार्ट अटॅक. यॉन्कर्सहून ब्रुकलिनला त्याची लाल शवपेटी एका मोठ्या काळ्या मॉन्स्टर ट्रकवर नेली, मागे शेकडो बाइक. पण मला तो इथेच जास्त भेटतो, 27 व्या वर्षी, बीट नसताना.

घेणार असाल तर एक करा, पार्सल उघडल्यावर पहिली बाजू नाही, चौथी लावा. त्या प्रार्थनेच्या मागे काहीच वाजत नाही, त्यामुळे तबकडीत करकर किंवा टकटक असेल तर तिथेच पकडली जाते, बाकी ठिकाणी बेसखाली झाकली जाते. ऐकू आली तर परत करायची मुदत संपायच्या आत बदलून घ्या. माझ्या दुसऱ्या कॉपीत तिथे फक्त त्याचा आवाज आहे.