‘गंज अजिबात नाही’ म्हणून मला विकलेली १९६६ ची फोर्ड मस्टँग

जुनी अमेरिकन गाडी घ्यायची आणि घरच्या गॅरेजमध्ये सवडीने दुरुस्त करून उभी करायची, असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. खास करून इथे मिशिगन, ओहायो, इलिनॉय या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ इथल्या गाड्यांचे पत्रे खाऊन टाकतं, म्हणून आपण लांबच्या, कोरड्या हवेतल्या गाड्या शोधतो. आपण असं शोधतो हे ठाऊक असलेले लोक तिथे टपून बसलेले असतात. माझे २४ हजार डॉलर त्यात अडकले. गाडी माझ्या दारात उभी आहे, पण मला सांगून विकली ती गाडी ही नव्हे.

मस्टँगच का, तर घरी काम करणाऱ्याला तिच्यासारखी सोयीची गाडी नाही. १९६४ च्या एप्रिलमध्ये ती बाजारात आली आणि १९६६ या एकाच मॉडेल-वर्षात सहा लाखांहून जास्त बनल्या. त्यामुळे दाराच्या रबरापासून डॅशबोर्डच्या स्क्रूपर्यंत सगळं आजही कॅटलॉगमधून नवं मिळतं. कार्बोरेटर टेबलावर खोलून साफ करता येतो. ड्रम ब्रेकचे शू, मास्टर सिलिंडर, सस्पेन्शनचे बुश, अख्खं वायरिंग, हे सगळं दोन गाड्यांच्या गॅरेजमध्ये, पुस्तक शेजारी ठेवून जमतं. मी या आधी दुसऱ्या एका गाडीवर ही कामं केलेली आहेत.

जमत नाही ते पत्र्याचं काम. या गाडीला वेगळी चॅसी नाही. जमिनीचा म्हणजे पायाखालचा पत्रा, पुढच्या-मागच्या पोकळ तुळया आणि दाराखालच्या पेट्या एकमेकांना वेल्ड करून जो सांगाडा होतो, तोच गाडीचा कणा. तो सडला की काम वेल्डरकडे जातं, तासावर पैसे लागतात आणि बिल गाडीच्या किमतीच्या पुढे जातं. म्हणून मी ठरवलं होतं, इंजिन कसंही असलं तरी चालेल, रंग उडालेला चालेल, पण पत्रा धड पाहिजे. विकणाऱ्याला फोनवर पहिल्या वाक्यात हेच सांगितलं. त्यानेही मग बरोबर तिथेच जाळं लावलं.

जाहिरातीत लिहिलं होतं: मूळ कॅलिफोर्नियाची गाडी, गंज अजिबात नाही, जमिनीचे पत्रे नवे, इंजिन मूळचं २८९ व्ही-८ (म्हणजे २८९ घनइंचांचं, आठ सिलिंडरचं). गाडी होती दक्षिणेकडच्या एका राज्यात. कॅलिफोर्नियाचा पुरावा म्हणून त्याने गाडीचा नंबर दाखवला, म्हणजे प्लेटवरचा नव्हे, कारखान्यात पत्र्यावर ठोकलेला ओळख-नंबर. १९६६ च्या मस्टँगचा नंबर ६ ने सुरू होतो, म्हणजे साल. पुढचं अक्षर कारखान्याचं: एफ म्हणजे डिअरबॉर्न, टी म्हणजे न्यू जर्सीतलं मटचन आणि आर म्हणजे कॅलिफोर्नियातलं सॅन होझे. पुढे ०७ म्हणजे साधी दोन दारांची, पक्क्या छताची हार्डटॉप आणि त्यानंतर इंजिनाचं अक्षर, इथे सी, म्हणजे दोन बॅरल (हवेच्या दोन नळ्या असलेल्या) कार्बोरेटरचं २८९. नंबर खरा होता, आर हे अक्षरही खरं होतं. पण त्यावरून गाडी कुठे बनली एवढंच कळतं. पुढची पन्नास-साठ वर्षं तिने कुठे काढली, याबद्दल नंबरात काही नसतं. ही फट तो वापरत होता. आणि गाडी १९८१ च्या आधीची असल्याने नंबर १७ अक्षरी नाही, त्यामुळे नव्या गाड्यांचा इतिहास ज्या ऑनलाइन अहवालांतून काढतो, ते इथे उपयोगी पडत नाहीत.

पत्रे नवे असल्याचा पुरावा म्हणजे बिलं. मोठ्या, नावाजलेल्या पार्ट्स कंपनीची, डाव्या-उजव्या फ्लोअर पॅनची, म्हणजे जमिनीच्या पत्र्यांची बिलं. तीही खरी. मी त्या कंपनीला फोन करून खात्री केली, ऑर्डर नोंदलेली होती. पण बिल पत्रा विकत घेतल्याचं होतं, तो बसवल्याचं नव्हतं. पत्रा नवा आला म्हणजे जुना सडका कापून काढला, असं त्यातून ठरत नाही. मजुरीचं बिल, कापलेल्या जमिनीचा फोटो, वेल्डिंग चालू असतानाचा फोटो, यातलं एकही त्याच्याकडे नव्हतं. ‘माझ्या मित्राने केलं, त्याला फोटो काढायची सवय नाही,’ असं म्हणाला.

मी तपासणी करून घेणार म्हटल्यावर तो लगेच तयार झाला. इतका तयार झाला की आपल्या गावातल्या एका तपासनिसाचा नंबरही त्यानेच दिला. मी फी भरली आणि अहवाल आला. भरपूर फोटो, सगळीकडे ‘उत्तम’. नंतर ते फोटो नीट लावून बघितले तेव्हा दिसलं की गाडी एकदाही लिफ्टवर चढवलेली नाही, कार्पेट उचललेलं नाही, आणि खालून काढलेल्या फोटोंत ताजा काळा डांबरी थर सोडून काही दिसत नाही. त्या दोघांचं काय नातं होतं ते मला सिद्ध करता आलेलं नाही, म्हणून त्यापुढे काही म्हणत नाही. पण विकणाऱ्याने सुचवलेला तपासनीस हा तपासनीस नव्हेच, हे मी आज ठामपणे सांगतो.

मग घाई. टेक्सासहून एक जण रोकड घेऊन शनिवारी येतोय, तुमचा फोन आधी आला म्हणून तुम्हाला विचारतो. पैसे बँकेच्या वायर ट्रान्सफरने मागितले. वायरने गेलेला पैसा परत ओढता येत नाही, क्रेडिट कार्डासारखी तक्रारीची सोय त्यात नाही. विक्रीच्या कागदावर ‘आहे त्या स्थितीत’ ही ओळ. ट्रकवरून गाडी आली, लाल रंग चकाकत होता, पहिल्या चावीला इंजिन सुरू झालं.

उघड झालं ते पाण्यामुळे. गाडी धुतली आणि ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट ओलं झालं. शेजारी एक अमेरिकन गृहस्थ राहतात, निवृत्त होईपर्यंत फोर्डच्या कारखान्यात होते. ते आले, बॉनेटच्या मागे काचेखाली जी जाळी असते तिच्यात बाटलीने पाणी ओतलं आणि मला डॅशबोर्डखाली टॉर्च धरायला सांगितलं. पाणी धारेने आत. त्या जाळीखाली दोन पत्र्यांची बंद पेटी असते, तिला काऊल म्हणतात. पानं-माती आत साचते, ओल राहते आणि हवेच्या भोकांभोवतीचे उभे काठ सडतात. तिथून पाणी थेट जमिनीवर. पहिल्या पिढीच्या मस्टँगचा हा सगळ्यांत प्रसिद्ध रोग, आणि तो बाहेरून कधीच दिसत नाही. दुरुस्तीसाठी स्पॉट वेल्ड, म्हणजे पत्रे जोडणारे ठिपक्यांसारखे जोड, एकेक करून ड्रिलने सोडवावे लागतात. एका बाटलीभर पाण्याची ही परीक्षा आहे. त्या तपासनिसाच्या अहवालात ती नव्हती.

मग आम्ही गाडी स्टँडवर चढवली आणि खालचा काळा थर खरवडायला घेतला. स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो आत गेला. थराखाली फायबरग्लासची जाळी, त्याखाली गंजाची पोळी. वरून कार्पेट काढलं तर नवे पत्रे होते खरे, पण जुन्या सडक्या जमिनीवर नुसते ठेवलेले. कडेने रिव्हेट आणि सीलंट. सीटचे बोल्ट त्या पातळ नव्या पत्र्यातून खाली कशालाही न धरता लोंबत होते. सीटबेल्टचा खालचा बोल्ट तसाच. हे बघून मला पैशांपेक्षा जास्त संताप कशाचा आला असेल तर याचा. माझी मुलगी या सीटवर बसून आमच्या गल्लीतून चक्कर मारून आली होती. धडक बसली असती तर सीट जागेवर राहिलीच नसती, आणि ज्याने ते रिव्हेट मारले त्याला हे नक्की माहीत होतं.

सांगलीला माझे काका आहेत, डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात आयुष्य गेलं. त्यांना व्हिडिओवर दाखवलं. ते म्हणाले, ‘अरे, मागच्या चाकावरची कड बघ. तिथे बोटाने वाजव.’ वाजवलं तर मट्ट आवाज. लोहचुंबक धरला तर चिकटेना. खड्डे बुजवायची लांबी (बॉडी फिलर) भरलेली होती, काही ठिकाणी बोटभर जाड. मग रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणलं, ते काही फार महाग नसतं. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो, पुन्हा रंगवलेल्या गाडीवर तीन-चारशे भरले तरी समजण्यासारखं आहे. माझ्या गाडीच्या मागच्या बाजूंवर आकडा हजाराच्या पुढे जात होता. छतावर मात्र व्यवस्थित आकडा. म्हणजे खालचा भागच मिठाने खाल्लेला. दाराच्या चौकटीवरचा लाल रंग सोलताना तेल बदलल्याची जुनी चिकटपट्टी निघाली. पत्ता ओहायोतल्या एका गॅरेजचा. कॅलिफोर्नियाची म्हणून दूरवरून मागवलेली गाडी आमच्या शेजारच्या राज्यात मीठ खात फिरलेली होती.

इंजिनाचं सांगतो आणि हा भाग संपवतो. स्टार्टर काढला की त्याच्या वर ब्लॉकवर ओतीव नंबर दिसतो. फोर्डच्या या नंबरात पहिलं अक्षर दशकाचं, सी म्हणजे १९६० चं दशक, आणि पुढचा आकडा साल. माझ्या ब्लॉकवर सी८ओई-६०१५. १९६८ चा, म्हणजे २८९ नव्हे तर ३०२ चा ब्लॉक, जो १९६६ मध्ये अस्तित्वातच नव्हता. चालायला इंजिन चांगलं आहे, मला त्याचं दुःख नाही. पण ‘मूळ इंजिन, कधी खाली उतरवलेलं नाही’ हे त्याने मला लिहून पाठवलं होतं.

त्या लिहून पाठवण्याचाच आता आधार आहे. जाहिरात, सगळे मेसेज, बिलांचे फोटो मी पैसे देण्याआधीच साठवून ठेवले होते. गाडी पोचल्यावर त्याने जाहिरात काढून टाकली. वकिलाने सांगितलं की ‘आहे त्या स्थितीत’ या ओळीने न सांगितलेल्या दोषांपासून विकणाऱ्याचा बराच बचाव होतो, पण माहीत असून सांगितलेल्या खोट्यापासून होत नाही. ‘गंज अजिबात नाही’ हे लेखी वाक्य, आणि त्याच हाताने गंजावर मारलेले रिव्हेट, ही जोडी महत्त्वाची. अडचण अशी की दावा त्याच्या राज्यात लावावा लागेल आणि रक्कम छोट्या दाव्यांच्या कोर्टाच्या मर्यादेबाहेर आहे. वकिलाची नोटीस गेली, उत्तरात त्याने थोडी रक्कम देऊ केली, अट ही की मी कुठे काही बोलायचं नाही. मी नाकारलं. त्याच्या राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे ग्राहक तक्रार केली आहे आणि व्यवहार ऑनलाइन सुरू झालेला असल्याने एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे केंद्राकडेही नोंद केली आहे. पैसे परत मिळतील असं मी धरून चाललेलो नाही. तक्रार यासाठी की तो पुढची गाडी विकायला काढेल तेव्हा त्याच्या नावावर आधीची नोंद असावी.

तुम्ही लांबची गाडी बघत असाल तर तपासनीस स्वतः शोधा, शक्यतो त्या भागातल्या मस्टँग किंवा ज्या कंपनीची गाडी असेल तिच्या हौशी क्लबातून, आणि विकणाऱ्याला त्याचं नाव आधी कळू देऊ नका. त्याला लेखी सांगा: गाडी लिफ्टवर, कार्पेट उचलून, काऊलमध्ये पाणी ओतून, डिकीतली चटई काढून. या गाड्यांत पेट्रोलच्या टाकीचा वरचा भाग हीच डिकीची जमीन असते, तिच्या दोन्ही बाजूंचे खोलगट पत्रे बघायचे. बॅटरी उजव्या पुढच्या कोपऱ्यात असते, तिच्याखालचा पत्रा ॲसिडने गेलेला असतो, तोही. खाली ताजा काळा थर असेल तर दोन-तीन जागी खरवडायची परवानगी मागा. चांगल्या गाडीचा मालक ती देतो. शेल्बी, जीटी अशा मस्टँगच्या खास प्रकारांचे बिल्ले लावलेली महाग गाडी असेल तर नंबराशी ताडून बघा. १९६६ ची जीटी फक्त चार बॅरलच्या इंजिनावर मिळत होती, त्यामुळे नंबरात माझ्यासारखं सी असेल आणि अंगावर जीटीचे बिल्ले असतील तर ते कुणीतरी नंतर लावलेले. दारावरची माहितीची पट्टीसुद्धा नवी कोरून मिळते, तिच्यावरचा नंबर बॉनेट उघडून डाव्या आतल्या फेंडरवर ठोकलेल्या नंबराशी आणि मालकी कागदाशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे.

गाडी मी विकणार नाही. सांगून विकली तर कवडी मिळेल आणि न सांगता विकणं मला शक्य नाही. गेल्या हिवाळ्यात कम्युनिटी कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात मिग वेल्डिंग (तारेने करायचं वेल्डिंग) शिकायला सुरुवात केली. दारांच्या चौकटीत आडवे पाइप टाकून सांगाडा वाकणार नाही असा बांधला आहे, कारण जमीन कापताना हे केलं नाही तर नंतर दारं बसत नाहीत. डावी बाजू कापून झाली, पुढची तुळई धड निघाली, हे त्यातल्या त्यात बरं. काऊल उतरवायचा बाकी आहे. प्रत्येक टप्प्याचे फोटो तारखेसह ठेवतोय. कुणी अशाच गाडीच्या जाहिरातीवर अडकलं असेल तर मला विचारा, जाहिरातीतले फोटो पाठवा, काय दाखवलेलं नाही ते मी शोधून सांगेन.