टक्के की हातचं काम?

दहावीनंतर नागपुरात दोन वाटा समोर येतात: अकरावी सायन्स किंवा आयटीआय. व्हीएनआयटीत, म्हणजे इथल्या राष्ट्रीय इंजिनिअरिंग संस्थेत, बी.टेक. करायचं तर गुणांना पर्याय नाही. जेईई मेन या प्रवेश परीक्षेची रँक लागते, शिवाय खुल्या प्रवर्गात बारावीला 75 टक्के किंवा बोर्डात वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये नाव.

आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड 2 वर्षांचा. पोरगं वायरिंग, मोटर रिवाइंडिंग हातानं शिकतं, मग बुटीबोरी-हिंगण्याच्या एमआयडीसीत स्टायपेंडवर अप्रेंटिसशिप शोधू शकतं. आईबापांना हे ठाऊकच नसतं, याचं फार वाईट वाटतं: आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं. म्हणजे शिक्षण थांबत नाही.

गणितात रमणाऱ्यानं अकरावी जरूर घ्यावी. पण घरातला बंद पंखा खोलून बसणाऱ्या पोराला ट्यूशनमध्ये कोंडू नका. त्याचा आयटीआयचा फॉर्म आधी भरा.