ऑझफेस्ट: खरी मजा सेकंड स्टेजला
१९९६ ला फक्त दोन शोंनी सुरू झालेलं ऑझफेस्ट, म्हणजे रॉक गायक ऑझी ऑस्बॉर्नचं हेवी मेटल म्युझिक फेस्टिव्हल, पुढच्या वर्षीपासून अमेरिकाभर फिरायला लागलं आणि २००७ ला तर तिकिटंच फुकट, मी तेव्हाच गेलेलो. लोक मेन स्टेजसाठी यायचे पण मी सकाळपासून सेकंड स्टेजलाच, म्हणजे नव्या बँडच्या छोट्या स्टेजला, १९९९ ला स्लिपनॉट हे मेटल बँडवाले याच स्टेजवर वाजवून गेलेले! डबल बेस ड्रम (दोन्ही पायांनी वाजवतात तो) सुरू झाला की फासळी न फासळी हलते राव. पिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोर लोक एकमेकांना धडका देत नाचतात तिथे, शेजारचा पोरगा धुळीत पडला तर चार अनोळखी हातांनी त्याला लगेच उचललं, एकाने त्याचा बूटपण शोधून दिला, ते अजून डोळ्यासमोर आहे. ऊन मात्र जाम लागलं. अशा शोला इअरप्लग घालाच, उलट गिटार जास्त स्वच्छ ऐकू येते.